शुगर वाढली की लघवीवाटे नेमकं काय जातं, आणि गोळ्यांनी ते भरून निघतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ५८ वर्षांचे, नऊ वर्षांपासून मधुमेह. मागच्या महिन्यातला एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ९.८. सहा महिन्यांत सहा किलो वजन उतरलं, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, पहाटे पोटऱ्यांत गोळे येतात. कुणीतरी सांगितलं की शुगर वाढली की सगळी जीवनसत्त्वं आणि क्षार लघवीतून वाहून जातात. त्यामुळे घरात मल्टिव्हिटॅमिन, मॅग्नेशियम, झिंक, क्रोमियम अशा डब्यांची रांग लागली आहे. यातलं खरं किती, आणि बाबांना काय द्यावं?

जे सांगितलं गेलं ते अर्धं खरं आहे. शुगर वाढली की लघवीवाटे बरंच काही जातं, पण सगळं जात नाही, आणि जे जातं ते एकाच कारणाने जात नाही. मी वर्षानुवर्षं मधुमेहाचे रुग्ण पाहते आहे. गोळ्यांच्या डब्यांवर महिन्याला हजार-दीड हजार रुपये खर्च होतात आणि इन्सुलिन मात्र ‘सध्या नको’ म्हणून टाळलं जातं, असं घर मला आठवड्यातून एकदा तरी भेटतं. म्हणून उत्तर जरा लांबवते.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. प्रत्यक्ष लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे गाळलेल्यातलं जवळजवळ सगळं पाणी आणि त्यातले कामाचे पदार्थ परत रक्तात ओढून घेतले जातात. रक्तातली शुगर १०० असेल तर लिटरमागे एक ग्रॅम, या हिशेबाने दिवसाला १८० ग्रॅम साखर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत उतरते आणि निरोगी माणसात ती जवळपास सगळी परत येते. हे काम नळीच्या भिंतीतले वाहक करतात. त्यातला एसजीएलटी२ हा सुरुवातीलाच सुमारे ९० टक्के साखर उचलतो, उरलेली पुढे एसजीएलटी१ उचलतो. पण या वाहकांची संख्या एसटीतल्या सीटांसारखी ठरलेली असते. सगळ्या भरल्या की बाकीची साखर खालीच राहते आणि लघवीत जाते. रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की ही वेळ येते.

हा १८० चा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. वय वाढलं, मधुमेह जुना झाला की ही पातळी वर सरकते. म्हणून एखाद्या आजोबांची शुगर २२० असूनही लघवीच्या पट्टीवर काहीच दिसत नाही. गरोदरपणात उलट होतं, रक्तातली शुगर व्यवस्थित असतानाही लघवीत साखर येते. पूर्वी आमच्याकडे बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात आठ थेंब लघवी टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळ्याचं हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी झालं की शुगर भरपूर. त्या रंगावरून औषध ठरवण्याचे दिवस मागे पडले ते याच कारणाने.

आता बाबांचा हिशेब करू. एचबीए१सी ९.८ म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी शुगर साधारण २३५. दिवसाला सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास साखर नळ्यांत उतरते आणि त्यातली सव्वातीनशे परत येते. कागदावर रोज सुमारे १०० ग्रॅम साखर बाहेर. प्रत्यक्षात आकडा कमी-जास्त असेल, कारण बाबांची पातळी वर सरकलेली असू शकते आणि शुगर दिवसभर एकसारखी राहत नाही. पण अंदाज यावा म्हणून सांगते, १०० ग्रॅम साखर म्हणजे ४०० कॅलरी, जवळपास चार पोळ्या. महिनाभर हेच चाललं तर दीड किलो चरबीइतकी ऊर्जा लघवीतून जाते. शिवाय इन्सुलिन अपुरं पडल्यामुळे स्नायूही झिजतात. ‘खातोय नीट पण अंगी लागत नाही’ अशी जी तक्रार असते, ती शब्दशः खरी असते.

हे काही नव्याने कळलेलं नाही. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णाची लघवी आटवून तळाशी राहिलेला पांढरा, साखरेसारखा गोड गोळा दाखवला, आणि खाल्लेल्या अन्नाचं पोषण अंगाला लागण्याआधीच मूत्रपिंडावाटे निघून जातं म्हणून रुग्ण खंगतो, असं स्पष्ट लिहून ठेवलं. इन्सुलिन यायला तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षं बाकी होती. मला हे निरीक्षण आजही थक्क करतं, कारण तुमचा प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता: सगळ्यात जास्त वाहून जाणारं पोषकद्रव्य म्हणजे खुद्द साखर. बाकी सगळं तिच्यामागून जातं.

एक गोष्ट मात्र इथेच सांगते. वजन उतरतंय ते शुगरमुळेच, असं गृहीत धरू नका. मधुमेह्यांमध्ये टीबीचं प्रमाण जास्त असतं, आणि टीबीतही वजन उतरतं, शुगरही हाताबाहेर जाते. छातीचा एक्स-रे काढून घ्या. पन्नाशीनंतर नीट असलेली शुगर अचानक बिघडली आणि वजनही झपाट्याने उतरलं, तर स्वादुपिंडाकडेही डॉक्टरांनी एकदा पाहावं.

साखर एकटी जात नाही. नळीत राहिलेली साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे लघवीचं प्रमाण वाढतं. प्रवाह जोराचा झाला की सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, कॅल्शियम यांना परत ओढून घ्यायला सवड मिळत नाही आणि तेही थोडे थोडे निघून जातात. बाबांची रात्रीची उठबस यातूनच आली असण्याची शक्यता मोठी आहे. ५८ व्या वर्षी प्रोस्टेटचाही विचार करायला हवा, पण आधी शुगर खाली आणून पाहा. शुगर १८० च्या आत राहू लागली की बहुतेकांचं रात्रीचं उठणं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच कमी होतं. तोवर तहान लागली की पाणीच प्यायला द्या. उन्हाळ्यात तहान भागवायला उसाचा रस आणि डब्यातला आमरस घेऊन शुगर ५०० वर नेलेले रुग्ण आम्ही दरवर्षी पाहतो. गोड पेयाने शुगर वाढते, शुगरने लघवी वाढते, लघवीने तहान वाढते. हे चक्र दोन दिवसांत माणसाला आयसीयूपर्यंत नेऊ शकतं.

हे नुकसान टोकाला गेलं की काय होतं, ते पाहायचं असेल तर कीटोअॅसिडोसिसचा रुग्ण पाहावा. इन्सुलिन जवळजवळ संपलेलं, शुगर चारशे-पाचशे, रक्तात आम्ल साचलेलं. अशा प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण सहा लिटर पाण्याची तूट असते. वजनाच्या दर किलोमागे सोडियम सात ते दहा मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक) आणि पोटॅशियम तीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट निघून गेलेलं असतं. वयस्कांमध्ये शुगर सहाशे-आठशेवर जाऊन गुंगी येते, त्या प्रकारात पाण्याची तूट नऊ लिटरपर्यंतही असते.

इथे नातेवाईक नेहमी एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त असतो: ‘रिपोर्टमध्ये पोटॅशियम तर ५.२ आहे, थोडं जास्तच, मग तुम्ही सलाईनमधून आणखी पोटॅशियम का देताय?’ कारण रिपोर्ट फक्त रक्तातलं पोटॅशियम दाखवतो, आणि शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. इन्सुलिन नसताना ते पेशींतून बाहेर रक्तात येतं आणि तिथून लघवीत जातं. म्हणजे कोठार रिकामं होत असताना रक्तातला आकडा चांगला दिसत राहतो. आम्ही इन्सुलिन सुरू केलं की तेच पोटॅशियम झपाट्याने पेशींत परत शिरतं आणि रक्तातली पातळी काही तासांत कोसळू शकते. त्याने हृदयाची लय बिघडते. म्हणूनच इन्सुलिनच्या ड्रिपसोबत दर दोन-चार तासांनी रक्त तपासलं जातं, आणि सुरुवातीलाच पोटॅशियम ३.३ ते ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम देऊन मगच इन्सुलिन सुरू करतात. सिस्टर पुन्हा पुन्हा रक्त काढतात म्हणून चिडू नका, त्या तपासण्यांवर जीव अवलंबून असतो.

पण हे आयसीयूतलं पोटॅशियम. त्यावरून घरी बसलेल्या मधुमेह्याला नारळपाणी आणि कमी सोडियमचं मीठ सुरू करणं हा उफराटा प्रकार झाला. बाबा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेत असतील, मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं असेल, तर त्यांना पोटॅशियम कमी पडण्यापेक्षा वाढण्याचा धोका जास्त. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

आता मॅग्नेशियम. तुमच्या डब्यांच्या रांगेत लक्ष देण्याजोगी गोष्ट असेल तर ही. टाइप २ मधुमेहात रक्तातलं मॅग्नेशियम कमी सापडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १४ पासून ४८ टक्क्यांपर्यंत आहे. लघवीचा जोर हे एक कारण. दुसरं कारण असं की मूत्रपिंडाच्या नळीच्या शेवटच्या भागात मॅग्नेशियम परत ओढून घेणारी जी वाट आहे, ती इन्सुलिनच्या इशाऱ्यावर उघडते. इन्सुलिन कमी पडलं किंवा त्याचा प्रभाव ओसरला की ती वाट अर्धवट बंद होते. आणि मॅग्नेशियम कमी झालं की इन्सुलिनचा प्रभाव आणखी घटतो, म्हणजे एक बिघाड दुसऱ्याला पोसत राहतो. त्यात आपल्याकडे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या अॅसिडिटीच्या गोळ्या लोक वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेतात. त्यांनीही मॅग्नेशियम घटतं. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांनीही घटतं. मेटफॉर्मिनने कुणाला सतत पातळ शौचाला होत असेल तर त्यावाटेही जातं. बाबांच्या औषधांची चिठ्ठी काढून या नजरेने एकदा वाचा.

मॅग्नेशियमची तपासणी फार महाग नाही, पण एक गोम आहे. शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तात नसतो, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी आतला साठा थोडा कमी असू शकतो. रिपोर्ट कमी आला तर मात्र तूट नक्की आहे असं समजायचं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यायची. मॅग्नेशियम कमी असताना पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही, हेही लक्षात असू द्या. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारे आकडे, पाहिलेच पाहिजेत. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मॅग्नेशियम बाहेर पडत नाही आणि साचून त्रास देतं.

बाबांच्या पोटऱ्यांतले गोळे मॅग्नेशियमनेच जातील, असं मी म्हणणार नाही. वयस्क माणसांच्या पायांत रात्री येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही असंच अभ्यासांत दिसलं आहे, अर्थात ज्यांच्यात खरी तूट आहे त्यांची गोष्ट निराळी. गोळे येण्यामागे पाण्याची कमतरता असू शकते, मधुमेहाने नसांवर झालेला परिणाम असू शकतो, कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी असू शकते, थायरॉइड असू शकतं. चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर मोकळी होत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. तो प्रकार अजिबात अंगावर काढू नका.

थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, याकडे मला विशेष लक्ष वेधायचं आहे, कारण साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या जाहिरातीत ते हरवून जातं. साखरेतून ऊर्जा काढण्याच्या प्रक्रियेत थायमिन लागतंच. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली मधुमेह्यांच्या रक्तद्रवातलं थायमिन मोजलं, तर ते निरोगी लोकांच्या तुलनेत सुमारे ७५ टक्क्यांनी कमी निघालं. मूत्रपिंडावाटे ते बाहेर पडण्याचा वेग टाइप १ मध्ये २४ पट आणि टाइप २ मध्ये १६ पट होता. हे आधी ध्यानात आलं नव्हतं, कारण थायमिनची नेहमीची अप्रत्यक्ष चाचणी तांबड्या पेशींवर करतात आणि ती या रुग्णांत नॉर्मल येत होती. मूत्रपिंडाच्या पेशी प्रयोगशाळेत जास्त साखरेत वाढवल्या की थायमिन परत ओढणारे वाहक घटतात, हेही पुढे दिसलं. म्हणजे इथे केवळ लघवीच्या लोंढ्याचा प्रश्न नाही, नळीची भिंतच थायमिन सोडून देते.

मग थायमिनची गोळी द्यावी का? लाहोरमध्ये लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागलेल्या ४० टाइप २ रुग्णांवर तीन महिन्यांचा एक प्रयोग झाला. रोज ३०० मिलिग्रॅम थायमिन घेतलेल्यांचं अल्ब्युमिन काहीसं कमी झालं, पण शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत फरक पडला नाही. प्रयोग लहान होता. थायमिनचंच भावंड असलेल्या बेनफोटियामिनने मात्र दुसऱ्या एका अभ्यासात अल्ब्युमिन कमी झालं नाही. त्यामुळे सरसकट सगळ्यांना थायमिन लिहिण्याइतका पुरावा आहे असं मी मानत नाही. पण दारू पिणारा, उलट्या होणारा, खाणं सुटलेला, किंवा हृदयविकारामुळे येणाऱ्या सुजेसाठी रोज फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी घेणारा मधुमेही समोर असेल, तर मी थायमिन देते आणि रिपोर्टची वाट पाहत बसत नाही. फ्युरोसेमाइडनेही थायमिन लघवीतून जातं. गोळी स्वस्त आहे, निर्धोक आहे, आणि तूट राहिली तर हृदयाला व मेंदूला होणारं नुकसान मोठं आहे.

घरात आधी स्वयंपाकाकडे पाहा. पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ चार-पाच पाण्यांनी धुऊन, वर त्याची पेज ओतून टाकली की भातातलं उरलंसुरलं थायमिन मोरीत जातं. डाळ, छोले, राजमा लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय आहे, तीही मोडा. सोड्याने थायमिन नष्ट होतं. कडधान्यं रात्री भिजत घालून कुकरला लावली की सोड्याची गरज पडत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, कुळथाचं पिठलं, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, पालेभाजी: या ताटात थायमिनही आहे आणि मॅग्नेशियमही. भाकरी मात्र मोजूनच, ‘बाजरीची आहे’ म्हणून तीन नाही.

क जीवनसत्त्वाचंही काहीसं असंच आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की त्यांनी तपासलेल्या मधुमेह्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या लघवीतून क जीवनसत्त्व नको तेवढं गळत होतं, मधुमेह नसलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होतं. यावर उपाय म्हणून रोज हजार मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या मात्र नकोत. मोठ्या डोसने काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे काही सेन्सर शुगर खोटी जास्त दाखवतात, आणि तो आकडा पाहून कुणी इन्सुलिन वाढवलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. लघवीच्या पट्टीवर उलटा परिणाम होतो, साखर असूनही ती दिसत नाही. शिवाय मूत्रपिंडात ऑक्झलेट (मुतखड्यात सापडणारा क्षार) साचण्याची भीती असतेच. एक मध्यम पेरू, किंवा कोशिंबिरीवर पिळलेलं लिंबू आणि एखादा आवळा, एवढ्यात दिवसाची गरज भागते.

झिंक लघवीतून जास्त जातं हे बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. जखम भरत नसेल, खाणं अगदी तुटपुंजं असेल, तर काही आठवडे झिंक देणं ठीक. वर्षभर रोज घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून वेगळाच रक्तक्षय होतो. क्रोमियम बंद करा. त्याने शुगर सुधारते असा भरवशाचा पुरावा नाही. केसांसाठी म्हणून जास्त मात्रेचं बायोटिन चालू असेल तर तेही तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आणि हृदयाच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकू शकतात. बी कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ते रायबोफ्लेविन असतं. शरीराला नको असलेलं बाहेर जातं, त्यावरून तूट ठरवता येत नाही.

बी१२ ची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. मधुमेह्यांमध्ये बी१२ कमी सापडतं, पण त्याचा लघवीशी संबंध नाही. मेटफॉर्मिनमुळे आतड्याच्या शेवटच्या भागात त्याचं शोषण कमी होतं. त्यात माणूस शाकाहारी असेल तर मुळातच आवक कमी. बाबा नऊ वर्षं मेटफॉर्मिन घेत असतील तर बी१२ ची तपासणी हवीच. कमी असेल तर इंजेक्शन किंवा गोळी, आणि मेटफॉर्मिन चालूच ठेवायचं. पायाची जळजळ, मुंग्या हे सगळं ‘शुगरचं’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि त्यातली काही बी१२ ने बरी होणारी असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रथिनांची गळती हा आणखी एक निराळा विषय, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. साखर आज वाढली, उद्या उतरली की तिची गळती थांबते. लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागलं, तर मूत्रपिंडाची चाळणीच खराब होऊ लागली आहे. त्यासाठी सकाळच्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी वर्षातून एकदा करायची असते. ३० च्या आत नॉर्मल, ३० ते ३०० मध्ये सुरुवात, त्यावर पुढची पायरी. शुगर फार वाढलेली असताना, ताप असताना किंवा लघवीला जंतुसंसर्ग असताना हा आकडा उगाच वाढतो, म्हणून दोन-तीनदा करून खात्री करतात. गळती मोठी झाली की अल्ब्युमिनसोबत ड जीवनसत्त्व वाहून नेणारं प्रथिन आणि लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिनही जातं. अशा वेळी प्रोटीन पावडरचा डबा आणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिथे रक्तदाब उतरवणं आणि मूत्रपिंड जपणारी औषधं सुरू करणं हाच इलाज.

त्या औषधांपैकी एका गटाने तुमच्या प्रश्नाला मोठी गंमतशीर कलाटणी दिली आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं तोच एसजीएलटी२ वाहक अडवतात आणि मुद्दाम रोज ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून बाहेर काढतात. मग त्यांनी सगळे क्षार वाहून जायला हवेत ना? तसं होत नाही. लघवी थोडी वाढते, शरीर काही दिवसांत जुळवून घेतं, आणि रक्तातलं मॅग्नेशियम तर किंचित वाढतं. लघवीत साखर असणं एवढ्यानेच पोषण वाहून जात नाही, हे यातून दिसतं. खरं नुकसान होतं ते रक्तातली शुगर उंच राहते, इन्सुलिन तोकडं पडतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्या त्यात दिवसरात्र भिजत राहतात, तेव्हा. ही औषधं चालू असताना लघवीच्या रिपोर्टवर साखर चार प्लस येणारच, घाबरू नका. मात्र निर्जळी उपवास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशनच्या आधी ती डॉक्टरांना विचारून थांबवावी लागतात, नाहीतर शुगर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. गुप्तांगाची स्वच्छताही कटाक्षाने पाळावी लागते, नाहीतर बुरशीचा त्रास होतो.

तर बाबांसाठी मी काय करेन? डब्यांची रांग बाजूला ठेवेन आणि आधी ९.८ खाली आणेन. वजन उतरतंय, लघवी वाढलीय, एवढं पाहिल्यावर मी गोळ्यांच्या अदलाबदलीत महिने घालवणार नाही, काही काळ तरी रात्रीचं बेसल, म्हणजे दिवसभर संथ काम करणारं, इन्सुलिन सुरू करेन. त्याला घाबरू नका, आणि ‘एकदा लागलं की सुटत नाही’ हे डोक्यातून काढून टाका. बऱ्याच जणांचं शुगर आटोक्यात आल्यावर पुन्हा कमी होतं, काहींचं थांबतंही. त्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घेईन, कारण फार उंच शुगर भराभर उतरवताना आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. सोबत क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, मॅग्नेशियम, बी१२, लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि छातीचा एक्स-रे. रिपोर्टमध्ये जे कमी येईल तेवढंच देईन, ठरावीक मुदतीसाठी, आणि पुन्हा तपासेन. मधुमेहात तूट नसताना सरसकट जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन फायदा होतो असा पुरावा नाही, अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही तेच सांगते.

आणि हे सगळं सावकाश करायची मुभा नसते असे दिवस ओळखून ठेवा. शुगर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर ओआरएस, लिंबूपाणी, मॅग्नेशियम यांत वेळ घालवू नका. इन्सुलिन चालू असेल तर ‘खाल्लं नाही’ म्हणून ते परस्पर बंद करू नका. ज्या हॉस्पिटलात आयसीयू आहे आणि रात्रीही पोटॅशियमची तपासणी होते, तिथे तडक घेऊन जा, आणि जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा.